जावयाचे पूर्वज आयर्लंडहून स्कॉटलंडला आले होते. घरातल्या जुन्या कागदांवरून त्यांचं मूळ गाव सापडेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी स्कॉटलंडला दिली आहे, जावयाच्या घरी दोन-तीन जुने दाखले आहेत आणि सगळे म्हणतात, ‘आयर्लंडचे कागद जळाले, नाद सोडा.’

नाद सोडू नका. मी एकोणीस वर्षं ग्लासगोत आहे आणि माझ्या नवऱ्याच्या घराण्याचं गाव मी स्वतः शोधलंय. ‘सगळं जळालं’ हे अर्धंच खरं आहे. ३० जून १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातला दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१च्या खानेसुमारीचा बहुतेक भाग त्यात गेला. १८६१ ते १८९१च्या तर त्याआधीच सरकारने नष्ट केल्या होत्या. पण तुमच्या जावयाची माणसं आयर्लंडमध्ये राहिलीच नाहीत ना! ती जिथे आली, लग्नं केली, वारली, तिथले कागद शाबूत आहेत. १८५१च्या खानेसुमारीत स्कॉटलंडमध्ये आयर्लंडात जन्मलेले दोन लाखांवर लोक होते, शंभरात सात. एवढ्या माणसांचा माग राहणारच. जहाजाच्या याद्या मात्र शोधत बसू नका. १८०१ ते १९२२ हे दोन्ही देश एकाच राज्यात होते. आयर्लंडातल्या डेरी शहरातून ग्लासगोला बोटीने येणं म्हणजे राज्यातल्या राज्यात प्रवास, त्याची नावनिशी कोण ठेवणार?

आमच्याकडे सासूबाईंच्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात मृतांच्या आठवणीची छापील कार्डं, एक जपमाळ आणि १८७४चा विवाहाचा दाखला. घरात चालत आलेली गोष्ट अशी, की नवऱ्याचे खापरपणजोबा डब्लिनचे, चांगल्या घरातले, ग्लासगोच्या गोदीचं कंत्राट घेऊन आलेले. माझे चुलतसासरे ही गोष्ट प्रत्येक नाताळात सांगायचे. दाखल्यावर मात्र त्या माणसाने सहीच्या जागी फुली मारली होती, आणि धंद्याच्या रकान्यात होतं ‘गोदी मजूर’. इतकी वर्षं तो डबा घरात होता आणि ती फुली कुणी नीट पाहिली नव्हती.

तुम्ही तो दाखला हातात घ्याल तेव्हा आधी आईचं माहेरचं आडनाव बघा. स्कॉटलंडमध्ये १८५५पासून सरकारी नोंदणी आहे आणि तिथल्या विवाहाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्या आया माहेरच्या आडनावासकट येतात. मृत्यूच्या दाखल्यावरही मृताच्या आईचं माहेर असतं. आयर्लंडमध्ये सरसकट नोंदणी सुरू झाली १८६४ला, आणि तिथल्या विवाहाच्या नोंदीत फक्त बापांची नावं. म्हणजे आयर्लंडातल्या आजीचं नाव कळायला स्कॉटलंडचा कागद लागतो. आमच्या दाखल्यावर त्या खापरपणजोबांची आई होती ‘स्वीनी’ आणि त्यांचं स्वतःचं आडनाव बॉइल. ही दोन आडनावं एकत्र दिसली की जाणकार माणूस डब्लिनकडे न बघता वायव्येकडे, डोनेगलकडे बघतो.

मग मी स्कॉटलंड्सपीपलवर, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारी नोंदींच्या साइटवर, खानेसुमाऱ्या काढल्या. प्रत्येक पानाला पैसे पडतात, पण तिथे खर्च करा, कारण ती मूळ पानं आहेत. पैसे भरून घेतलेल्या वंशावळीच्या साइटवर लोकांनी एकमेकांच्या उतरवून काढलेल्या वंशवृक्षांवर विश्वास ठेवू नका. १८८१ला जन्मस्थान नुसतं ‘आयर्लंड’. १८९१ला मात्र प्रगणकाने पुढे ‘डोनेगल’ लिहिलेलं. त्याला तेवढं लिहायचं बंधन नव्हतं, तरी लिहिलं. म्हणून एक सापडली की थांबू नका, दर दहा वर्षांची पाहा.

जिल्हा कळला, गाव नाही. गाव सापडलं ते मिचेल लायब्ररीत, ग्लासगोच्या दप्तरखान्यात, गरिबांना मदत देणाऱ्या पॅरिशच्या वह्यांमध्ये. (पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला भाग.) याच पानावरून आमच्या घरात वाद झाला, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

१८८९. ग्लासगोच्या अँडरस्टन भागातली एका खोलीची जागा, इथे तिला ‘सिंगल एंड’ म्हणतात. अर्जदार गोदी मजूर, वय ४१, छातीचा आजार. (स्कॉटलंडच्या कायद्यात धडधाकट बेकाराला मदत मिळत नसे, म्हणून आजार काय तो नेहमी लिहिलेला असतो.) बायकोचं नाव, तिचं माहेर, लग्न कुठे आणि कधी झालं, चारही मुलांची नावं आणि वयं. अर्जदाराचे आईबाप, दोघेही वारलेले, आईचं आडनाव स्वीनी. भाऊ गावी, बापाच्या जमिनीवर. जन्म पॅरिश टेंपलक्रोन, डोनेगल, आणि त्यापुढे टाउनलँडचं, म्हणजे तिथल्या वाडीचं, नाव. तपासनीस घरी येऊन गेला त्याची तारीख, आणि बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात शेरा : एक खाट, भाडं थकलेलं, माणूस खोकतोय.

इतकी माहिती का लिहिली? १८४५च्या कायद्याप्रमाणे त्या पॅरिशमध्ये सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मदतीचा हक्क नव्हता, आणि असा हक्क नसलेल्या आयरिश माणसाला परत आयर्लंडला धाडता येत असे. म्हणून कारकून खोदून खोदून विचारायचा : कुठे जन्मलास, किती महिने कुठल्या गल्लीत राहिलास, भाऊबंद कोण. हाकलून देता यावं म्हणून विचारलेल्या प्रश्नांमुळेच आज आपल्याला घर सापडतं. तो कागद वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो माणूस माझा रक्ताचा कुणी नाही, पण माझ्या लेकीचा आहे.

त्या रविवारी जेवणानंतर मी छायाप्रत टेबलावर ठेवली. चुलतसासऱ्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, ‘हा आमचा नव्हे. आमच्यात कुणी भिकेसाठी अर्ज केलेला नाही. आणि तुला आमच्या घराण्यातलं काय कळणार?’ मी वाद न घालता मुलांच्या यादीवर बोट ठेवलं. दुसऱ्या ओळीत होतं : मुलगा, वय ८, शाळेत जातो. तो मुलगा म्हणजे त्यांचे स्वतःचे आजोबा. ज्यांच्या मांडीवर बसून त्यांनी डब्लिनची आणि कंत्राटाची गोष्ट ऐकली, तेच. तपासनीस खोलीत उभा राहून खाट मोजत होता तेव्हा तो पोरगा तिथेच कुठेतरी असणार. पुढे मोठेपणी त्याने नातवाला डब्लिन सांगितलं. मला त्यात फुशारकी दिसत नाही. त्या पोराला ती खोली पुन्हा कुणाला दाखवायची नव्हती.

चुलतसासऱ्यांनी कागद उलटा करून ठेवला आणि कोट घालून निघून गेले. त्यांनी पुढे वंशावळ छापून घेतली, तिच्यात आजही डब्लिनच आहे. मला हे लागलं, अजून लागतं. माझे आजोबा मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. रोज दारावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. हे आम्हाला सांगायला माझ्या वडिलांना पन्नाशी उलटावी लागली. गरिबी लपवण्यात दोन-तीन पिढ्या गेल्या की गावच हरवतं, हे मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे पाहिलंय. म्हणून जावयाच्या घरी कुणी म्हणालं की ‘आमच्याकडे तसलं काही नव्हतं’, तर गरिबांच्याच वह्या आधी उघडा.

टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा. आयर्लंडभर साठ हजारांवर आहेत. कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं, त्यामुळे त्या स्पेलिंगचं गाव नकाशात नव्हतंच. मी ते नाव डोनेगलच्या एका शेजारणीकडून मोठ्याने वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘अगं, हे तर ‘मीन’ने सुरू होणारं नाव.’ मीन म्हणजे डोंगरातला गवताळ सपाट तुकडा, तशी नावं तिकडे खूप. मग ग्रिफिथ व्हॅल्युएशनमध्ये पाहिलं. १८४७ ते १८६४च्या दरम्यान आयर्लंडभर घरांची आणि जमिनीची जी आकारणी झाली तिची ही यादी, कोण कुठली जमीन कसतो ते त्यात असतं आणि फुकट बघता येतं.

तिथे बॉइल इतके की कुठला कुणाचा कळेना. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे तिघे. म्हणून वेगळेपणासाठी नावापुढे बापाचं नाव लावलेलं. त्या भागात आजही बोलताना माणसाचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं असं सांगतात. माझ्या नवऱ्याला हा घोळ वाटला, मला नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हे तर आपण शाळेच्या पहिल्या दिवसापासून लिहीत आलो. पाच मिनिटांत आमचा माणूस कुठला ते सापडलं. पुढे १९०१च्या खानेसुमारीत त्याच टाउनलँडमध्ये भाऊ भेटला, भाषा ‘आयरिश आणि इंग्रजी’. १९०१ आणि १९११च्या आयरिश खानेसुमाऱ्या शाबूत आहेत, त्याही फुकट.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. ग्लासगो आणि आसपासच्या पॅरिशच्या गरीब मदतीच्या वह्या चांगल्या टिकल्यात, सगळीकडे तशा नाहीत. तुमचा जावई डंडीचा असेल तर त्यांच्याकडच्या बाया तागाच्या गिरण्यांत आल्या असण्याची शक्यता जास्त. तिथे बायकांच्या नावाने शोधा. घराणं प्रोटेस्टंट असेल तर आयर्लंडच्या ईशान्येच्या अँट्रिम, डाउन जिल्ह्यांकडचं असू शकतं, मग बेलफास्टच्या दप्तरखान्यातली चर्चची पुस्तकं बघावी लागतील. कॅथलिक असेल तर आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने पॅरिशच्या वह्या ऑनलाइन फुकट ठेवल्यात, पण पश्चिमेकडच्या कित्येक वह्या १८४०च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळानंतर सुरू होतात आणि नावं लॅटिनमध्ये असतात. जेम्सचा जेकोबस झालेला असतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीतले साक्षीदार सोडू नका, ते बहुधा मावशी, मामा, काका असतात. स्पेलिंगवर अडून बसू नका : डोहर्टीचं इकडे डॉकर्टी होतं, नावापुढचा ‘ओ’ गळतो. आणि नुसतं बापाचं नाव जुळलं म्हणून ‘सापडला’ म्हणू नका. आमच्याकडे आईचं आडनाव, भाऊ आणि टाउनलँड तिन्ही जुळले तेव्हा मी घरात तोंड उघडलं.

स्मशानातल्या दगडांवरही नजर टाकायला सांगा. स्कॉटलंडमध्ये बाईच्या दगडावर माहेरचं आडनाव कोरायची पद्धत आहे.

तूर्त एवढं करा : जावयाकडून सगळ्यात जुन्या विवाहाच्या दाखल्याचा फोटो मागवा, नवऱ्याच्या आणि नवरीच्या आईचं माहेरचं आडनाव काय आहे ते वाचा आणि इथे खाली लिहा. अक्षर लागलं नाही तर जसं दिसतंय तसं लिहा, मी लावून देईन.