वेंगुर्ल्यात राहून, बाहेरचे यीस्ट न घालता, जुन्या वेलींच्या द्राक्षांची व्हाइट वाइन करता येईल का?

करता येईल, परंतु द्राक्षे घाटावरून आणावी लागतील आणि रस थंड ठेवण्याची सोय त्याआधी करावी लागेल. कोकणातल्या पावसात केवडा रोग वेलीला फारसा टिकू देत नाही, म्हणून जानेवारी ते मार्चदरम्यान तोडणीला येणारी नाशिककडची शेनिन ब्लाँ ही पांढऱ्या वाइनची द्राक्षजात हाच व्यवहार्य पर्याय आहे. मात्र ‘जुनी वेल’ जपूनच म्हणावे, कारण दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी ३५ वर्षांची अट धरतात, तर नाशिकच्या बहुतेक वाइन-बागा १९९७ नंतरच्या आहेत. सालीवरचे यीस्ट पुरेसे असते. खरी अडचण किनाऱ्यावरच्या उकाड्याची आहे, कारण रस १५ ते १८ अंशांवर सावकाश आंबला तरच फळाचा गंध राहतो, आणि तीस अंशांपुढे तो उडून जाऊन यीस्टही अर्ध्यावर थांबू शकते. रस एक रात्र गारव्यात ठेवून वरचा निवळ भाग काढावा आणि आंबणे संपताच पिंप काठोकाठ भरावे, कारण वर चार बोटे हवा राहिली तरी व्हिनेगरची सुरुवात होऊ शकते. बाटलीत भरताना किंचित सल्फाइट (वाइन टिकवणारे रसायन) घालण्यात मला तरी कमीपणा वाटत नाही. घरगुती प्रमाणासाठीही राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे परवान्याची चौकशी आधी करावी.