गलाईला निघालायस तर हे वाचून जा

बाळा,

काल तुझ्या आईचा फोन आला होता, म्हणाली पोरगं सोमवारी निघतंय, तिकडं दक्षिणेत भावकीतल्याच एकाच्या दुकानात गलाई, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायचं काम, शिकायला, तुम्ही एकदा बोला त्याच्याशी. आता फोनवर मला खोकल्यामुळं धड चार वाक्यं बोलता येत नाय, म्हणून लिहितोय. शिवाय बोललेलं तू या कानानं ऐकून त्या कानानं सोडशील, लिहिलेलं निदान मोबाईलात पडून राहील.

जाऊ नको असं मी सांगणार नाय, मला तो अधिकारच नाय. विटा, खानापूर, आटपाडी या आपल्या दुष्काळी पट्ट्यात शेतीवर कुणाचं पोट भरत नव्हतं तेव्हा सोन्याचांदीच्या भट्टीनंच भरलं, आपल्याकडची माणसं देशात कुठंकुठं जाऊन बसली, माझ्या घरावरचा स्लॅबपण त्याच पैशातला. पण मला वस्तादानं टंच, म्हणजे सोन्याचा कस ओळखणं, शिकवला, सोनं वितळवायची मूस कशी धरायची शिकवलं, सराफाशी बोलायचं कसं ते शिकवलं, धुराचं मात्र कुणी एक अक्षर सांगितलं नाय. सांगणार तरी कोण, त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

तर धुराचं. सोनं शुद्ध करताना तू बघशीलच, सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून वितळवायचं, मग ते नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायचं, चांदी आणि तांबं विरघळून जातं, सोनं तेवढं तळाला तपकिरी भुकटी होऊन बसतं. त्या वेळी भांड्यातून जो तांबूस धूर उठतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. लबाड वायू आहे हा. हायड्रोक्लोरिकचा धूर नाकात गेला की माणूस उठून पळतो, नाकच पळवतं. हा तसं करत नाय. थोडा ठसका, डोळ्यात थोडी चुरचुर, दहा मिनिटं बाहेर उभं राहिलं की बरं वाटतं. तो नाकातल्या घशातल्या ओलाव्यात लगेच विरघळत नाय म्हणून थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि तिथं जाऊन ॲसिड होतो, मग काही तासांनी, कधीकधी तर दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरायला लागतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाय. आमच्यात एक पोरगा होता, तुझ्याच वयाचा, पावसाचे दिवस होते म्हणून खिडकी लावून काम केलं त्यानं. धूर खाल्ला, खोकला, बाहेर जाऊन चहा प्याला, आम्ही त्याची चेष्टापण केली. रात्री व्यवस्थित जेवला. दोनच्या सुमाराला उठून बसला, श्वास घेता येईना, तोंडातून गुलाबी फेस. आम्हाला वाटलं हार्ट अटॅक, डॉक्टरालाही आम्ही तेच सांगितलं, दिवसभरात काय झालं ते कुणी बोललंच नाय कारण आमच्या डोक्यातच आलं नाय की दुपारच्या धुराचा आणि रात्रीच्या दोनचा काय संबंध. वाचला तो, पण परत भट्टीपाशी बसला नाय.

म्हणून हे एक ध्यानात ठेव, बाकी विसरलास तरी चालेल. धूर बराच गेलाय असं वाटलं तर बरं वाटतंय म्हणून झोपायचं नाय, लगेच दवाखान्यात जायचं, नायट्रिकचा धूर गेलाय हे शब्द स्वतःच्या तोंडानं डॉक्टरला सांगायचे आणि 24 तास नजरेखाली ठेवा म्हणायचं, एक्सरे आत्ता स्वच्छ आला तरीपण. आणि हा धूर हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. भट्टीच्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपायची आपल्या लोकांची सवय, भाडं वाचतं म्हणून, ती तू मोडायची. मालक कुरकुर करेल. करू दे.

दुसरी गोष्ट जुन्या दागिन्यांची. केडीएम हा शब्द ऐकला असशील, तो कॅडमियमवरनं आलाय, पूर्वी डाग द्यायला 92 भाग सोनं आणि 8 भाग कॅडमियम वापरायचे. आता ते बंद पडलंय, हॉलमार्कही 2021 पासून सक्तीचा झाला, पण तुझ्या मुशीत येणार ते लोकांच्या आज्यांचं मोडीचं सोनं, त्यात कॅडमियम असू शकतं. सोनं वितळतं 1064 अंशाला आणि कॅडमियम 767 लाच उकळतं, म्हणजे सोनं पातळ होईस्तोवर ते धूर होऊन तुझ्या नाकाशी आलेलं असतं. संध्याकाळी थंडी वाजून ताप यायचा, तोंडाला पैसा चघळल्यासारखी चव यायची, आम्ही म्हणायचो पाणी बदललं. ते एकदा शरीरात गेलं की मूत्रपिंडात पंधरा-वीस वर्षं मुक्काम करतं. जपानात तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीत आलं, नदीतनं भातात आणि भातातनं बायकांच्या हाडात, नुसत्या खोकल्यानं हाडं मोडायची. त्या रोगाचं नावच इताई-इताई, म्हणजे दुखतंय दुखतंय. 1968 साली तिथल्या सरकारनं मान्य केलं की हे प्रदूषणामुळं झालंय.

नदीवरनं आठवलं. चांदी काढून घेतल्यावर जे निळं-हिरवं पाणी उरतं त्यात तांबं असतं आणि ॲसिड असतं, ते आम्ही तीस वर्षं रात्री गटारीत ओतलं. पाप केलं, दुसरा शब्द नाय. एवढंसं तांबंसुद्धा माशाला मारतं. त्यात लोखंडाचा चुरा टाकला तर तांबं खाली बसतं, त्याचे पैसे मिळतात, मग चुन्यानं पाण्यातलं ॲसिड मारायचं. तो गाळसुद्धा उकिरड्यावर टाकायचा नसतो, घातक कचरा नेणाऱ्या परवानाधारकाकडं द्यायचा असतो. तू नवखा आहेस, तुझं कोण ऐकणार म्हणशील, पण तांब्याचे पैसे सुटतात हे सांगितलं की मालक ऐकतो, मला हे उशिरा कळलं.

शिशाचं थोडक्यात. दुकानातली सोन्याचांदीचे कण पडलेली माती गाळताना शिसं वापरतात, त्याची धूळ कपड्यावर बसते, कपडे घरी जातात, आणि बारकी पोरं बापाच्या मांडीवर बसतात. पोराच्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित नाय. रक्ताची तपासणी होते, डेसिलिटरमागं 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याच्या वर आलं तर शिसं कुठनं येतंय ते शोधा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तुझं लग्न व्हायचंय अजून, पण भट्टीचे कपडे भट्टीवरच आणि जेवायच्या आधी हात साबणानं, ही सवय आत्ताच लाव.

सायनाईडला तू हातच लावायचा नाय. पॉलिशवाले वापरतात, आपलं ते काम नाय. त्यात ॲसिडचे चार थेंब पडले तर जो वायू निघतो तो विचार करायलाही वेळ देत नाय.

आणि तोंडाला रुमाल बांधून, अगदी करोनातला मास्क लावूनसुद्धा वायू अडत नाय, त्याला खास याच वायूसाठी चालणारं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, कार्ट्रिजही ठराविक दिवसांनी बदलावं लागतं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाय. अंगावर उडालं तर वीस मिनिटं नळाखाली, हळद नाय, टूथपेस्ट नाय, काय नाय. बोटं पिवळी पडतील नायट्रिकनं, हळदीला बसल्यासारखी, आम्ही त्याची ऐट मारायचो गावात यात्रेला आलो की. हातमोजे घातलेस तर ऐट जाईल, तेवढी जाऊ दे.

मास्क मी सांगलीतनं मागवून ठेवलाय, जादाची दोन कार्ट्रिजपण आहेत. तुझी गाडी कितीची आहे ते आईला विचारून कळव, मी विट्याच्या स्टँडवर घेऊन येतो.

तुझा,
आबा