नव्या टाकीआधी जुन्या वाहिन्या तपासाव्यात

आपल्या नगरपरिषदेची पाणी योजना पन्नास वर्षांपूर्वीची आहे, पाणी एक दिवसाआड येते आणि सल्लागाराने नवे जलशुद्धीकरण केंद्र व आणखी एक उंच टाकी सुचवली आहे. तेव्हा पैसा आधी कुठे घालावा, असे आपण विचारले आहे. या कामात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, वितरण व्यवस्था गळकी ठेवून वाढवलेले पाणी जमिनीतच मुरते आणि त्याचे वीजबिल मात्र नगरपरिषदेला भरावे लागते.

प्रथम एका टाकीच्या क्षेत्रात रात्रीची चाचणी घ्यावी. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ पाणी सोडून घरोघरच्या टाक्या भरू द्याव्यात, मग आवक बंद करून, जावक उघडी ठेवून, पहाटे दोन ते चार या वेळेत पातळी मोजावी. १० मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे सुमारे ७८५ लिटर पाणी गेले. तासाला १२ सेंटिमीटर उतरत असेल, तर गाव झोपलेले असताना तासाला ९,४०० लिटर पाणी कुठेतरी जात आहे. त्या भागाचा व्हॉल्व्हमन सोबत हवाच, कारण शेजारच्या क्षेत्राशी चोरजोड कुठे आहे, हे बहुधा त्यालाच ठाऊक असते. तो निवृत्त होण्याआधी ते सारे नकाशावर उतरवून घ्यावे.

गळती मुख्य वाहिनीपेक्षा फेरूलपाशी (घरची जोडणी मुख्य वाहिनीला जिथे जोडतात त्या तोटीपाशी) आणि गटारातून नेलेल्या गंजक्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) नळजोडण्यांत अधिक सापडते. पुरवठा थांबला की वाहिनीतला दाब जातो आणि ज्या भोकातून पाणी बाहेर पडत होते, त्यातूनच गटाराचे पाणी आत शिरते. नळाला थेट मोटर लावणारे त्यात भरच घालतात. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ येत असेल, तर दोष शुद्धीकरण केंद्राला देण्यापूर्वी ही जागा पाहावी. म्हणूनच मुख्य वाहिनीबरोबर नळजोडण्याही मीटरपर्यंत बदलण्याची बाब निविदेत असावी. ती वगळली, तर निम्मा खर्च वाया गेला असे समजा. जुने एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंटचे) पाईप मात्र उकरून काढू नयेत, कारण ते कापताना उडणारी ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते.

कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी दिले, ते एचडीपीई (टिकाऊ प्लास्टिकच्या) वाहिन्या, प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापराप्रमाणे चढत जाणारी पाणीपट्टी यांच्या जोरावर. पाणी कधीही मिळते म्हटल्यावर लोक ‘शिळे’ पाणी ओतून देऊन पिंप पुन्हा भरत बसत नाहीत, हा लाभ आराखड्यात सहसा कोणी धरत नाही.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० सारख्या केंद्र सरकारच्या शहरी पाणी योजनेतून निधी मागायचा असला, तरी आराखडा मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक टाकीच्या जावकेवर बल्क मीटर (टाकीतून जाणारे एकूण पाणी मोजणारे मीटर) बसवून महिनाभराच्या नोंदी सल्लागाराकडून घ्याव्यात. त्यानंतरही टाकी अपुरी ठरली, तर ती अवश्य बांधावी.