घरी बांधलेल्या विमानाचं वायरिंग पहिल्यांदा चार्ज करण्याआधी, म्हणजे त्यात वीज सोडण्याआधी, काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या शेडमध्ये दोन सीटचं अ‍ॅल्युमिनियमचं विमान होत आलंय, १२ व्होल्टचं वायरिंग पूर्ण झालंय, बॅटरी अजून जोडलेली नाही. मित्र म्हणतो, मास्टर (मुख्य स्विच) ऑन कर, काही चुकलं असेल तर फ्यूज उडेल आणि कळेल.

कृपा करून असं करू नका. फ्यूज वाचवतो तो बसबारच्या, म्हणजे सगळीकडे वीज वाटणाऱ्या पट्टीच्या, पुढच्या बारीक वायरींना. बॅटरीपासून मास्टर कॉन्टॅक्टर (मास्टर स्विचने चालणारा मोठा रिले), तिथून बसबार आणि स्टार्टरकडे जाणारी जाड केबल या वाटेवर बहुतेक छोट्या विमानांत फ्यूज नसतोच. आणि विमानातली सात-आठ किलोची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी सरळ शॉर्ट झाली तर हजार अँपिअरच्या पुढे करंट देते. म्हणजे सगळ्यात मोठा धोका जिथे आहे, तिथेच फ्यूज नाही. शिवाय ठिणग्या उडत राहणारा सैल जोड फ्यूज किंवा ब्रेकरला दिसेलच असं नाही. २ सप्टेंबर १९९८ ला कॅनडाच्या किनाऱ्याजवळ स्विसएअरचं एमडी-११ विमान पडलं, २२९ माणसं गेली. तिथेही वायरीत आर्किंग झालं, म्हणजे ठिणग्या उडाल्या, ब्रेकर वेळेवर पडला नाही आणि शेजारच्या इन्सुलेशनने पेट घेतला.

मी कोराडीच्या वीज केंद्रात टेस्टिंगला होतो. निवृत्तीनंतर एका विमान बांधणाऱ्या मित्राचं वायरिंग तपासलं, त्यावरून लिहितो. आमच्याकडे पॅनेल चार्ज करताना एक गोष्ट पक्की असायची: चार्ज करण्याच्या क्षणी नवीन काहीही कळता कामा नये. जे कळायचं ते थंड, म्हणजे वीज नसलेल्या, वायरिंगवर आधीच कळलेलं असावं. विमानाला हे दुपटीने लागू आहे.

सुरुवात ड्रॉइंगपासून करा. ड्रॉइंगची ताजी प्रत घ्या, एकेका वायरीचा फेरूल नंबर (टोकावरच्या नळीवर छापलेला) वाचा, दोन्ही टोकं डोळ्यांनी पाहा, मग त्या रेषेवर रंगीत पेन फिरवा. ड्रॉइंगमध्ये नाही पण विमानात आहे अशी वायर सापडली तर तिथेच थांबून तिचा उलगडा करा. वायरीचं गेज (जाडी) आणि फ्यूज यांची जोडी याच वेळी बघा: २२ गेजला ५ अँपिअर, १८ गेजला १० अँपिअर, यापेक्षा मोठा फ्यूज नको. मग प्रत्येक लग (वायरीच्या टोकाचं धातूचं टर्मिनल) हाताने ओढून बघा. नीट क्रिंप केलेला, म्हणजे दाबून बसवलेला, लग हाताने निघत नाही. जो निघाला तो हवेत निघाला असता. फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकाशी रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कापू न देणारी कडी, आहे का, कंट्रोल स्टिक आणि रडरचे पेडल पूर्ण फिरवल्यावर कुठली वायर घासते का, हे पाहायला दोन माणसं लागतात. एक आत बसून हलवेल, दुसरा टॉर्च धरून बघेल. शेड बरेच महिने बंद राहिलं असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधा, विशेषतः सीटखाली आणि शेपटीकडे.

आता मीटर. बॅटरी विमानाबाहेर, सगळे फ्यूज काढलेले, रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं उपकरण), ईएफआयएस (उड्डाणाची माहिती दाखवणारा पडदा) यांचे कनेक्टर उपसलेले. बसबार आणि बॉडी यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजा; मीटरने ओपन, म्हणजे कुठेही जोड नाही असं, दाखवायला हवं. मग प्रत्येक फ्यूजच्या पुढच्या टोकापासून बॉडीपर्यंत मोजा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: लँडिंग लाईटचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब थंड असताना एक ओहमच्याही खाली दाखवतो आणि शॉर्ट असल्यासारखा वाटतो. म्हणून बल्ब काढूनच मोजा.

मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) मात्र घरीच ठेवा. आम्हा वीज केंद्रवाल्यांचा हात सवयीने तिकडे जातो, पण ५०० व्होल्ट चुकून एखाद्या इलेक्ट्रॉनिक उपकरणात गेले तर ते कायमचं जातं. १२ व्होल्टच्या नव्या वायरिंगला साधा मल्टिमीटर पुरतो.

मास्टर कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर डायोड लावला असेल तर त्याची पट्टी बघा. पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे हवी. उलटा बसला असेल तर मास्टर ऑन करताच डायोड आणि स्विच यांच्यातून सरळ शॉर्ट.

मीटरचा बझर वाजला म्हणजे वायर चांगली, असं मानू नका. बहुतेक तारा तुटून एकच शिल्लक असली तरी बझर तितक्याच जोरात वाजतो. खरी परीक्षा करंट वाहताना होते. अर्थिंगसाठी मी हेच करतो: वेगळ्या बॅटरीवरून, १० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून, ५५ वॅटच्या बल्बमार्फत त्या जोडातून साधारण साडेचार अँपिअर सोडायचे आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंना टेकवायचा. ०.००५ ओहमच्या जोडावर सुमारे २२ मिलिव्होल्ट दिसतात. दीडशे-दोनशे दिसले तर जोड उघडा, रंग किंवा ऑक्साइड खरवडा, पुन्हा आवळा. आपल्याकडे एक पावसाळा शेडमध्ये काढलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या जोडांत हे हमखास सापडतं. पुढे उपकरणं जोडल्यावर हाच विचार पूर्ण सर्किटला लावा: १४ व्होल्टच्या सिस्टिममध्ये सतत चालणाऱ्या लोडपर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त ड्रॉप नको.

यानंतरची गोष्ट जिवाची आहे, म्हणून सावकाश वाचा. मॅग्नेटो, म्हणजे इंजिनच्या स्पार्क प्लगला ठिणगी देणारा छोटा जनरेटर, बॅटरीवर चालत नाही. प्रॉपेलर फिरला की तो स्वतःची वीज स्वतः बनवतो, आणि त्याला बंद ठेवायचं तर त्याची पी-लीड (त्याच्याकडून चावीच्या स्विचकडे जाणारी वायर) अर्थ करावी लागते. घरातल्या वायरिंगमध्ये वायर तुटली की दिवा बंद. इथे वायर तुटली की मॅग्नेटो चालू. बॅटरी शेडच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेली असली आणि चावी ऑफ असली, तरी पी-लीड कुठे सुटलेली असेल तर प्रॉपेलरला दिलेला धक्का इंजिन पेटवू शकतो. म्हणून पी-लीड मॅग्नेटोकडून सोडवा आणि सुटलेल्या टोकापासून इंजिनच्या बॉडीपर्यंत मोजा. चावी ऑफवर शून्य ओहम, त्या मॅग्नेटोसाठी ऑनवर ओपन. डावा आणि उजवा वेगवेगळा मोजा. न सोडवता मोजलंत तर मॅग्नेटोची प्रायमरी कॉइलच एक ओहमच्या आत दाखवते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. मोजत असताना, म्हणजे पी-लीड सुटलेली असताना, मॅग्नेटो चालूच आहे हे विसरू नका. स्पार्क प्लगच्या लीड आधी काढा, प्रॉपेलरच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. काम झालं की पी-लीड परत जोडून नट आवळला याची नोंद वहीत करा. तुमचं इंजिन रोटॅक्स ९१२ असेल तर मॅग्नेटोऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, पण तेही अर्थ करूनच बंद होतं. त्या वायरीवर १२ व्होल्ट गेले तर मॉड्यूल जळतं, तेव्हा त्या दोन वायरी बसबारला कुठेही लागत नाहीत हे आधी सिद्ध करा.

एवढं झाल्यावर पहिलं चार्जिंग. ते सकाळी ठेवा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि घामेजल्या हाताने घाईत केलेलं काम नको. टाकीत पेट्रोल नको, चाकांना चोक, हातातली अंगठी-घड्याळ काढलेलं, जवळ सीओटू अग्निशामक. कोरड्या पावडरचा टाळा, ती अ‍ॅल्युमिनियम आणि उपकरणं दोन्ही खाते. स्टार्टरची जाड केबल स्टार्टरकडून सोडवून तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळा.

बॅटरी सरळ जोडू नका. सीताबर्डीच्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला विचारा, मोटर दुरुस्त केल्यावर तो सिरीज बोर्डावरच, म्हणजे मध्ये एक बल्ब घालूनच, ती आधी लावतो. तेच इथे करायचं, फक्त १२ व्होल्टचा बल्ब घेऊन. गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि विमानाची अर्थ पट्टी यांच्या मध्ये घाला. आता काहीही शॉर्ट असलं तरी पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट थांबतो. आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. मास्टर ऑफ असताना बल्ब अजिबात पेटता कामा नये. मास्टर ऑन केल्यावर कॉन्टॅक्टरचा एकच ठाम आवाज आणि बल्बचा मंद उजेड, तो कॉइलच्या करंटचा. बल्ब भगभगीत पेटला तर शॉर्ट आहे. कॉन्टॅक्टर टकटक करत राहिला तर शॉर्ट कॉन्टॅक्टरच्या पुढे आहे: तो बसतो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा बसतो. दोन्ही वेळा लगेच ऑफ.

बल्ब मंदच राहिला की उपकरणं न जोडता एकेक फ्यूज बसवा. मग मीटर घेऊन प्रत्येक उपकरणाच्या कनेक्टरमध्ये पिन मोजा: पॉवरच्या पिनवर व्होल्टेज, अर्थच्या पिनवर शून्य, बाकी पिनांवर काही नाही. लाखाच्या घरातला रेडिओ एका पिनच्या अदलाबदलीने जातो, तेव्हा इथे वेळ लागला तर लागू द्या. ही तपासणी पूर्ण झाली की मास्टर ऑफ, बल्ब काढून बॅटरी सरळ, आणि मग एकेक उपकरण जोडत जा. बल्ब ठेवून रेडिओ लावू नका. त्याला पुरेसं व्होल्टेज मिळणार नाही आणि बिघाड नसताना बिघाड दिसेल. प्रत्येक उपकरणाचा करंट मोजून वहीत लिहा, पुढे दुरुस्तीला तोच आकडा कामी येतो. अर्धा तास चालल्यावर मास्टर बंद करून लग, स्विचची पाठ आणि फ्यूज ब्लॉक हाताने चाचपा. जे गरम लागेल ते उघडायचं.

आणखी एक. स्वतः केलेलं वायरिंग स्वतःला बरोबरच दिसतं. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर आणि मिहानमध्ये विमान देखभालीत काम केलेली परवानाधारक माणसं आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला पी-लीड आणि बॅटरीची वाट दाखवा, तीही तुम्ही काही सांगायच्या आत, फक्त ड्रॉइंग हातात देऊन. उड्डाणाची परवानगी हा डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) वेगळा विषय आहे, तिथेही ही वही उपयोगी पडेल.

अल्टरनेटरची परीक्षा इंजिन चालल्यावरच होईल, आज फक्त त्याची बी-लीड (वीज बाहेर नेणारी मुख्य वायर) आवळलेली आणि झाकलेली आहे एवढं बघा. हे सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीसाठी लिहिलंय. पंख किंवा शेपूट फायबरचं असेल तर तिथे बॉडीतून अर्थ मिळत नाही, प्रत्येक दिव्याला परतीची वायर वेगळी लागते. तसं असेल तर खाली ड्रॉइंगचा फोटो टाका, पाहून सांगतो.