ऑगस्टमध्ये कप दिला, मग नोव्हेंबरपर्यंत खेळतायत कशासाठी?

प्रश्न : मी दोन वर्षं टीव्हीवर अमेरिकेतलं पीजीए टूरचं गोल्फ बघतोय. ऑगस्टमध्ये कप देऊन झाला, वाटलं संपलं, तर सप्टेंबरात परत सुरू! सीझन नक्की किती महिन्यांचा? आणि सारखं 'कार्ड जाणार' म्हणतात ते काय? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : गोंधळ होणारच, कारण सीझन सगळ्यांना सारख्या लांबीचा नसतोच मुळी. कागदावर बघाल तर जानेवारी ते ऑगस्ट. मधे 2013 पासून दहा वर्षं तो ऑक्टोबरात सुरू व्हायचा, शाळेच्या वर्षासारखा दोन सालांत पसरलेला, 2024 पासून परत जानेवारीवर आणला. ऑगस्टमध्ये प्लेऑफ, वर्षभराच्या पॉइंटांच्या यादीतले आधी 70 जण, मग 50, मग 30, आणि शेवट अटलांटाच्या ईस्ट लेक कोर्सवर, तुम्ही बघितलेला कप तिथेच देतात. स्कॉटी शेफलरसारख्या वरच्या खेळाडूचं वर्ष तिथे संपतं. 50 च्या आत आलेल्यांना पुढच्या वर्षीच्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांत जागा मिळते, 70 च्या आतल्यांचं कार्ड पक्कं असतं, ते घरी जाऊन निवांत बसू शकतात.

उरलेल्यांचं खरं वर्ष तिथून सुरू होतं.

कार्ड म्हणजे टूरवर खेळायचा हक्क. नोकरी नाही हो, पगार नसतो, प्रवास, हॉटेल, कॅडीचे पैसे सगळं खिशातून आणि शुक्रवारी कट चुकला (दोन दिवसांनी मागे पडलेल्यांना गाळतात तो) तर त्या आठवड्याचं बक्षीस शून्य. 2022-23 पासून कार्डवाल्यांना 5 लाख डॉलरची हमी दिलीये, पण ती उचल आहे, कमाईतून वळती होते आणि किमान 15 स्पर्धा खेळाव्या लागतात. म्हणजे सगळा जीव कार्डात. साधी स्पर्धा जिंकली की 500 पॉइंट, मेजर म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक जिंकली की 750, आणि ही बेरीज नोव्हेंबरपर्यंत चालू राहते, जॉर्जियात सी आयलंडला शेवटची स्पर्धा होते आणि पॉइंटांच्या यादीवर रेघ मारतात, रेघेच्या वर राहिला त्याचं कार्ड टिकतं. ही रेघ वर्षानुवर्षं 125 वर होती, 2025 च्या सीझनपासून 100 वर आणली. 101 ते 125 वाल्यांना लोकलमधली चौथी सीट, कुणी आलं नाही तर बसा.

मला स्वतःला हा बदल पटलेला नाही. खालच्या कॉर्न फेरी टूरमधून वर येणारे 30 वरून 20 केले, क्यू-स्कूल नावाच्या पात्रता स्पर्धेतून फक्त 5, आणि स्पर्धेच्या आठवड्यात सोमवारी जी पात्रता फेरी होते तिच्यातल्या जागाही कमी केल्या. सोमवारचं मला जास्त लागतं कारण त्या दारातूनच आपला अर्जुन अटवाल आत आला होता. 2010 चा ऑगस्ट, खांद्याच्या दुखापतीनंतर मिळालेल्या सवलतीच्या स्पर्धा संपलेल्या, कार्ड गेलेलं, माणूस सोमवारी पात्रता फेरी खेळून ग्रीन्सबरोच्या विंडहॅम स्पर्धेत शिरला, गुरुवारी 61 स्ट्रोकमध्ये फेरी संपवली आणि रविवारी शेवटच्या होलवर साधारण सात फुटांचा पट (चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका) टाकून डेव्हिड टॉम्सला एका स्ट्रोकने मागे टाकलं. पीजीए टूरवर स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय! सोमवारी आत येऊन जिंकणं त्याआधी 1986 मध्ये झालं होतं. सोमवारी ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याला रविवारी दोन वर्षांचं कार्ड, कारण साधी स्पर्धा जिंकली की तेवढं मिळतंच, मेजर जिंकली तर पाच वर्षं.

त्यामुळे नोव्हेंबरात सी आयलंडची स्पर्धा लावाल तेव्हा लीडरबोर्डवर पहिल्या नावाबरोबर शंभराव्याच्या आसपासची नावंही बघत जा, एकेका पटमागे कुणाचं तरी पुढचं अख्खं वर्ष असतं.

प्रश्न : दुखापत झाली तर कार्ड जातं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लगेच नाही. मेडिकल एक्स्टेन्शन मिळतं. जितक्या स्पर्धा हुकल्या त्या हिशोबाने परत आल्यावर ठराविक स्पर्धा देतात, तेवढ्यात राहिलेले पॉइंट भरून काढायचे. नाही जमलं तर अटवालसारखं सोमवारी रांगेत.

प्रश्न : आपल्या पुण्याच्या पोराला तिथवर पोचायचा रस्ता आहे का? – एक पालक, येरवडा

उत्तर : आहे, आणि तुमच्या घराजवळूनच सुरू होतो. पूना क्लबच्या कोर्सवर भारतातल्या पीजीटीआय टूरची स्पर्धा होते. पुण्याचा उदयन माने याच टूरवर जिंकत टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला. पीजीटीआयच्या वार्षिक यादीत जो पहिला येतो त्याला युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड मिळतं, आणि तिथल्या यादीत ज्यांच्याकडे आधीच अमेरिकेचं कार्ड नाही अशा वरच्या 10 जणांना पीजीए टूरचं. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी 2015 मध्ये वेगळ्या वाटेने, अमेरिकेतल्या खालच्या टूरच्या फायनल्स खेळून कार्ड घेऊन आला, 2022 मध्ये प्लेयर्स स्पर्धेत एका स्ट्रोकने दुसरा राहिला आणि त्याच वर्षी लिव्ह या वेगळ्या गोल्फ लीगकडे गेला. मुलगा किती वर्षांचा आहे ते कळवा, ज्युनिअर स्पर्धांबद्दल पुढच्या अंकात लिहितो.