सातवा वार

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं हस्तलिखित वाचतोय. चौथ्या प्रकरणात चाकूचा पहिला वार झाला तेव्हा मी दचकलो. तिसऱ्यापर्यंत अंग आक्रसून वाचलं. सातव्याला मात्र माझ्या लक्षात आलं की मी वार मोजतोय. वाचक मोजायला लागला की मरणारी बाई त्याच्या नजरेआड झालेली असते.

‘वाचक किती सोसेल?’ असं तू विचारलंयस. बरंच सोसतो. रहस्यकथा मुळात सोवळी नव्हतीच. एडगर ॲलन पोची १८४१ सालची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ घे. मुलीचं प्रेत धुराड्यात उलटं कोंबलेलं, आईचा गळा असा कापलेला की उचलताना मुंडकंच निखळतं. पण कोड्याची सुरुवात तिथेच होते: एवढी ताकद कुणाच्या अंगात असेल? अगाथा ख्रिस्तीबाईंकडे तर त्यांच्या बहिणीच्या नवऱ्यानेच तक्रार केली होती की तुझे खून फार सभ्य होत चाललेत, जरा रक्त सांडू दे. १९३८ मध्ये बाईंनी रक्तबंबाळ खोलीची कादंबरी लिहून त्यालाच अर्पण केली. त्यातलं रक्तही फुकट सांडलेलं नाही. (पुढचं सांगत नाही, वाच.)

तुझ्या सात वारांतून तुझ्या इन्स्पेक्टरला काय कळतं? मला तरी काही सापडलं नाही. उलट त्याच प्रकरणात उशाशी नीट घडी घालून ठेवलेला तिचा चष्मा आहे, एका ओळीत उरकलेला. त्या ओळीवर मी थांबलो. ती झोपायच्या तयारीत होती, म्हणजे आलेला माणूस अनोळखी होता किंवा फारच ओळखीचा. तिथे रेंगाळ.

बायकांची प्रेतं वाचून वाचक थकलेत, हेही खरं. २०१८ साली ‘स्टॉन्च बुक प्राइझ’ सुरू झालं, ते स्त्रीवर मारहाण, पाठलाग, बलात्कार, खून यांतलं काहीच नसलेल्या थरारकथेसाठी. त्यावर लेखकांतच वाद पेटला. असा नियम मी स्वतःला घालून घेणार नाही. पण त्यामागचा वैताग मला पटतो.

आणखी एक. पहिली तीन प्रकरणं तू हलकीफुलकी, चेष्टेखोर लिहिली आहेस. त्या सुरावर आत आलेल्याला चौथ्यात चाकू दाखवलास तर तो फसवल्यासारखा उठून जाईल. पहिल्या पानावरच थोडा गारवा येऊ दे.

सध्या दोन वार ठेव, बाकीचे काढ. बाराव्या प्रकरणातल्या तळघराबद्दल पुढच्या पत्रात लिहितो; ते दोनदा हातात घेतलं, अजून पुरं झालेलं नाही.

तुझा,
काका