गोरखचिंचेचं दुधीसारखं लोंबणारं फळ खाता येतं का?

हो, खाता येतं. खायचा तो आतला पांढरा, कोरडा गर. मखमली लव असलेलं कवच दगडावर आपटून फोडलं की धाग्यांत अडकलेले, खडूच्या तुकड्यांसारखे गराचे गोळे निघतात. तोंडात टाकले की विरघळतात, चांगलेच आंबट लागतात. चिंचेशी नातं मात्र काही नाही. झाड मूळचं आफ्रिकेतल्या कोरड्या माळरानांचं, आणि तिथे हा नेहमीचा खाऊ आहे: सेनेगलमध्ये गर पाण्यात कालवून ‘बुई’ नावाचं सरबत करतात, केनियाच्या किनाऱ्यावर गरासकट बिया साखरेच्या रंगीत पाकात घोळवून ‘मबुयू’ म्हणून विकतात. फक्त तडकून पडलेलं फळ उचलू नका, ओल शिरली की आत बुरशी धरते. अखंड कवचाचं, पूर्ण वाळलेलंच घ्या.